राहीचा वाफा

भाजीचं कौतुक मला सांगू नका. माझा नातू नगरला गच्चीवर चार कुंड्यांत मेथी लावतो आणि येईल त्या पाहुण्याला हाताला धरून वर नेतो. घरची भाजी, रंग बघा, चव बघा. पाहुणाही वा वा करतो. मी आपला खाली बसून राहतो. घरच्या भाजीचं सुख काय असतं हे मला कुणी शिकवायला नको. मी ते ज्या परसात पाहिलं तसं आता कुठं बघायला मिळायचं नाही. पण त्या परसाची आठवण निघाली की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. किळस येते. भाजीची नव्हे, आमची.

ते परस झुंबरवहिनीचं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, भिमाजीदादाची बायको. तिसगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. दोघा भावांची घरं एकाला एक लागून, पुढं सामाईक अंगण, मागं परस. पंधरा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद, एवढाच तुकडा. पण त्यात ती बाई काय काय पिकवायची. कुडाच्या भिंतीवर घेवडा, पडवीच्या पत्र्यावर दोडका, कोपऱ्यात शेवगा, मोरीच्या तोंडाशी अळू, आणि मधे हातहातभर रुंदीचे वाफे. वांगी, मिरची, कोथिंबीर, शेपू, राजगिरा. सकाळी परसात शिरलं की शेपूचा तो उग्र वास नाकात बसायचा. मला शेपू आवडत नाही, पण तो वास आवडायचा. भाकरी तव्यावर असतानाच वहिनी परसात जाऊन दोन मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर खुडून आणायची, आणि पाट्यावर वाटलेल्या त्या ठेच्याची चव पुढं मी कुठल्या लग्नाच्या पंगतीत चाखली नाही.

झाडांशी लाडानं बोलणारी बाई ती नव्हती. माणसांशीच धड बोलत नव्हती. उंच, हाडापेरानं रुंद, आणि शब्द मोजून टाकणारी. तिच्या परसातलं पीक कसं निघतं हे मात्र पाहण्यासारखं होतं. त्या परसाला विहिरीचं पाणी असं कधी मिळालंच नाही. ते सगळं आमच्या अंघोळीच्या पाण्यावर उगवायचं.

आता अंघोळीचं पाणी परसात सोडायची पद्धत सगळीकडं आहे. लोक मोरीतून चर काढतात. वहिनीनं चर काढला नाही. चरातून जाताना निम्मं पाणी जमीनच पिते असं तिचं म्हणणं. म्हणून ती न्हाणीचा धोंडाच हलवायची. चांगला पाटाएवढा सपाट धोंडा, पहारीनं लोटत लोटत रोज नव्या वाफ्याच्या कडेला नेऊन ठेवायची. चार बांबू आणि तरटाचा आडोसाही धोंड्याबरोबर हलायचा. दोन्ही घरची मिळून आम्ही नऊ माणसं, आणि सकाळी उठून प्रत्येकानं आधी विचारायचं, आज अंघोळ कुठं. आज वांग्यापाशी. आज दोडक्याच्या बुडाशी. दादाचा मेव्हणा एकदा मुक्कामाला आला होता. त्याला तिनं दोन दिवस मिरचीपाशी बसवलं, कारण मिरची सुकत होती.

तिचे नियमही होते. वाफ्यावर साबण चालायचा नाही. साबण लावायचा असेल तर अळूपाशी जा, ते काहीही पितं. दादाला अंगावर पाणी घेताना खाकरून थुंकायची घाणेरडी सवय. आडोशापलीकडून वहिनीचा आवाज यायचा, "थुकायचं आसंल तर उकिरड्यावर जावा. हितं कोथमीर हाय." दादा भिजलेल्या अंगानं शिव्या देत उठायचा. आम्ही हसायचो. खरं सांगतो, ते दिवस फार चांगले होते.

आमच्याकडं वानवळ्याची रीत आहे. परसात पहिली भाजी निघाली की ती आधी शेजारीपाजारी जायची, मग आपल्या चुलीवर. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, मागितला तर वानवळ्याला नाही म्हणायचं नाही. वहिनी ही रीत काटेकोर पाळायची. बोलायला कंजूष, पण द्यायला नाही. पहिल्या दोडक्याच्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन आळीत दारोदार फिरायची, आणि परत येताना तिचा चेहरा लग्नाला जाऊन आल्यासारखा दिसायचा.

आणि ज्यांना द्यायची ती माणसं कशी होती म्हणता? शेजारची लंकाबाई दोडका पदरात घ्यायची आणि वहिनीची पाठ फिरली की नाक मुरडायची. "भिमाजीच्या पाठीचा मळ खायाचा आपुन," म्हणायची. विहिरीवर बायकांत हा विनोद दहा वर्षं चालला. दोडके मात्र कुणी परत पाठवले नाहीत. मळाला नावं ठेवत ठेवत दहा वर्षं खाल्ले.

मग बहात्तर साल उजाडलं. त्याच्या आदल्या साली पाऊस नव्हताच, यंदा तर पेरलेलं वर आलं नाही. दिवाळीपर्यंत गावची विहीर तळाला गेली. बायका नदीच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या, एका हंड्याला तास-तास. आम्ही पुरुष आणि निम्म्या बायका सरकारी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. खायला रेशनच्या दुकानातला तांबडा मिलो, अमेरिकेहून आलेली जाडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. हिरवा रंग म्हणून नजरेला पडत नव्हता. गुरं घोडेगावच्या बाजारात मातीमोल गेली.

पण वहिनीचं परस जगलं. अंघोळ आता चार दिवसांतून एकदा, माणशी दोन तांबे. तरी तो धोंडा हलत राहिला. भांडी राखेनं घासून, विसळलेलं पाणी घंगाळात साठवून ती ओंजळीनं बुडाबुडाला घालायची. दोडका, वांगी गेली. घेवडा थोडा राहिला, मिरची राहिली, आणि राजगिऱ्याचा एक वाफा राहिला.

तो वाफा राहीचा. राही म्हणजे वहिनीची सून, राहीबाई. वहिनीचा एकुलता एक मुलगा कानिफनाथ दिवाळीनंतर उसाच्या तोडीला गेला. राहीला सहावा महिना, म्हणून ती मागं राहिली. पौष महिन्यात एकदा दिवेलागणीला ती अंगणातून आत येताना उंबऱ्याला अडखळली आणि भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, दिवा का न्हाई लावला?" दिवा तिच्यासमोर कोनाड्यात जळत होता.

तिला रातांधळं झालं होतं. दिवसा नीट दिसायचं, सूर्य कलला की अंधार. कामावर आठवड्याला एक नर्सबाई यायची, तिनं डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, अंगात जोर नाही, दुष्काळात बऱ्याच बायकांचं असं झालंय. गोळ्या संपल्यात, कधी येतील सांगता येत नाही. रोज हिरवी पालेभाजी पोटात गेली तर नजर परत येईल, आणि नाही गेली तर पोटातल्या पोराचंही सांगता येत नाही.

वहिनी घरी आली आणि राजगिऱ्याच्या वाफ्याभोवती बाभळीचे काटे लावले. सगळ्यांना एकदाच सांगितलं, "ह्यो राहीचा. ह्याला कुनी हात लावायचा न्हाई." रोज दुपारी ती फक्त शेंडे खुडायची, ओंजळभर. शेंडा खुडला की राजगिरा खालून फुटतो, दोन-अडीच महिने पुरतो. तो पाला लसणाची एक पाकळी टाकून परतायची आणि राहीला समोर बसवून खायला घालायची. शेवग्याचा पाला तर आळीतल्या बायकांनी वानवळा, वानवळा करत ओरबाडून नेला होता. हो, त्याच बायका. लंकाबाई पदर पसरून पहिली आली होती. मळाचा विषय तिनं काढला नाही.

आणि वहिनीच्या परसाचा वानवळा पारावर बसून वाटत कोण होता तर माझा भाऊ. दादाला मोठेपणाची भारी हौस. कामावरचा मुकादम असो की तलाठी असो, "आवो, न्या की, घरचंच हाय," म्हणायचा. पाण्याचा एक तांब्या त्यानं त्या परसाला स्वतःहून कधी घातला नाही. कुणीतरी मुळापाशी राबायचं आणि कुणीतरी शेंगा वाटून नाव कमवायचं, ही जात मला तेव्हाही ओळखू यायची. पण तो थोरला. मी बोललो नाही.

तीन आठवडे झाले आणि राहीच्या डोळ्यांत फरक पडला. रोज दिवेलागणीला वहिनी तिला अंगणात उभी करायची आणि खुराड्याकडं जाणाऱ्या कोंबड्या मोजायला लावायची. आधी राही पायांचा आवाज ऐकून अंदाजानं आकडा सांगायची. त्या दिवशी मी खडीवरून येऊन हातपाय धूत होतो. राही म्हणाली, "चार. आन् त्यो तांबडा कोंबडा कुंपनावर बसलाय." कोंबडा खरंच कुंपणावर होता. वहिनी खुराड्याचं दार लावायला वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. उठली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. त्या परसानं तिला दिलेलं सगळ्यात मोठं फळ तेच, आणि ते आम्ही चार दिवस टिकू दिलं नाही.

माझी मुलगी पुष्पावती तेव्हा सतरा वर्षांची. श्रीगोंद्याकडचे एक पाहुणे तिला बघायला यायचे होते. काकासाहेब म्हणून बागायतदार, पाटाच्या पाण्यावर ऊस, दारात विहीर. मला एकच दिसत होतं, पोरगी पाण्याच्या घरी पडेल. झिऱ्यावर तास-तास बसून तिचं आयुष्य जायचं नाही. असा पाहुणा आमच्या कोरड्या मुलखात मुलगी बघायला येतो हेच नशीब. म्हणून मीही हावरटच झालो होतो.

पाहुणे यायच्या दिवशी वहिनी पहाटेच झिऱ्यावर गेली. पाच माणसं येणार, पाणी लागणार. दादानं कुणाकडून तरी बाजरी मिळवली होती, तांदूळ आणले होते. भाजीला काय, तर तिसगावच्या बाजारात सुकलेले कांदे. दादा परसाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रंगनाथ, ह्यो राजगिरा बघ. दुस्काळात पाव्हण्यांच्या ताटात हिरवी भाजी पडली तर गावभर नाव हुईल."

मी म्हणालो, "दादा, त्यो राहीचा हाय."

"एका दिसानं काय हुतंय? पुन्ना फुटंल."

मी त्याचा हात धरला नाही. दादानं काटे बाजूला केले. खुडायला वेळ लागतो. आणि जुड्या मुळासकट असल्या म्हणजे बाजारातल्या भाजीसारख्या दिसतात, पाहुण्यांना दाखवायला बऱ्या, असं त्याचं डोकं. त्यानं उपटायला सुरुवात केली. मी म्हणालो, उपटू नको, फुटणार नाही. तो म्हणाला, लवकर उरक, जीप यायची वेळ झाली. मग एका बाजूनं दादा आणि दुसऱ्या बाजूनं मी. पाव तासात वाफा मोकळा केला. माझ्या हाताला त्या मुळांची ओली माती लागली होती. त्या साली ओली माती दुसरी कुठं नव्हती.

वहिनी डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन आली. पडवीत जुड्यांचा ढीग होता. तिनं हंडा उतरवला, परसात जाऊन आली, आणि ढिगापाशी बसून मुळं कापू लागली. मला वाटलं होतं ती आकांडतांडव करील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "भावजी, तुमीबी?"

बाहेर जीप वाजली. मी अंगणात गेलो.

पाहुणे पाच. काकासाहेब, त्यांचा मुलगा, मुलाचा मामा आणि दोघं भाऊबंद. पांढरेशुभ्र कपडे, पायांत करकरीत चपला. पुष्पा चहा देऊन गेली, नाव-गाव विचारून झालं, आणि पानं मांडली. भाजी एवढाल्या पातेल्यात फुगून दिसत होती, शिजल्यावर बसली. वाढायला मी.

आमच्याकडं पाहुण्याला पोटभर जेवला म्हणून चालत नाही. त्यानं ताटावर हात आडवा धरायचा आणि आपण त्या हातावरून वाढायचं. मी तेच केलं. "घ्या, घ्या, लाजू नका. घरची हाय." काकासाहेबांनी हात आडवा धरला, मी पळीभर टाकली. मामांनी धरला, दोन पळ्या टाकल्या. ताटात हिरवेगार ढीग. दुसऱ्या फेरीला पातेलं घेऊन निघालो तेव्हा सैपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. हळूच म्हणाली, "भावजी, एक पळी राहू द्या."

मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. आणि मी ऐकू न आल्यासारखं करून पुढं गेलो आणि पातेल्याच्या बुडाचं पळीनं खरवडून मुलाच्या ताटात वाढलं. जावई व्हायचा होता ना.

काकासाहेब भाजीकडं बघून म्हणाले, "राजगिरा का? आमच्याकडं ह्यो बांधावर माजतो. गुरं तोंड लावीत न्हाईत." भाऊबंद हसले.

इथं माझा भाऊ गप्प बसता तर पाहुण्यांनी ती चार घास खाल्ली असती. पण दादाला राहवलं नाही. "ते खरं. पन ह्या दुस्काळात ती आली कशी ते इचारा," असं म्हणून त्यानं मांडी बदलली आणि सगळी हकिकत सांगितली. धोंडा कसा हलवतो, कोण कुठल्या वाफ्यापाशी अंघोळ करतो. आमच्या घरची युक्ती म्हणून सांगितली. आपलीच असल्यासारखी.

मामांचा हात तोंडाशी थांबला. घास तोंडात गेलेला होता, तो त्यांनी जिभेनं पुढं आणला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मुलानं भाजी बोटानं लोटून दूर केली. शिकलेसवरलेले लोक. वरण-भात मुकाट संपवला. मग काकासाहेबांनी तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतला. आमच्याकडं ताटात हात धुतातच, त्यात अपमान नाही. पण त्यांनी तो भाजीच्या ढिगावर धुतला, बोटं चोळून चोळून. चूळ भरली, तीही तिथंच टाकली. मग बाकीच्यांनीही एकेकानं तसेच हात धुतले. पाच ताटं, पाच हिरवे ढीग, त्यावर तेलकट पाण्याची तळी. आम्ही दोघं भाऊ हातात टॉवेल घेऊन उभे. हात पुसा, म्हणत होतो. हसत होतो.

वहिनी एकावर एक न ठेवता एकेक ताट दोन्ही हातांनी धरून मागं घेऊन गेली. पाच खेपा केल्या. मला तेव्हा काही कळलं नाही.

पाहुण्यांच्या पानसुपारीला अडकित्ता हवा होता, तो आणायला मी मागच्या पडवीत गेलो. वहिनी ताटांपाशी बसली होती. ताट तिरकं करून तिनं वरचं पाणी निथळू दिलं. मग बोटांनी भाजी भातापासून वेगळी करून पातेल्यात काढली. मामांचा चावलेला घास उचलून बाजूला फेकला. ज्या ताटात चूळ पडली होती त्यातली भाजी तिनं हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून बसली, आणि ती उकिरड्याकडं भिरकावली. उरलेली पातेल्यात. पहाटेपासून झिऱ्यावर बसून आणलेल्या प्यायच्या पाण्यानं ती भाजी तिनं धुतली. एकदा नाही, तीनदा. मग मुठीत पिळून तव्यावर टाकली आणि वर लसूण.

दुसऱ्याचं उष्टं. आमच्या घरात लहान पोराला भावाच्या ताटातलं खाल्लं म्हणून मार मिळायचा. परक्या माणसांनी हात धुतलेलं अन्न, आणि ते गरोदर सुनेला.  मी पडवीच्या खांबाला धरलं.

तिनं मला पाहिलं. लपवालपवी केली नाही. म्हणाली, "काय बघता? जावा, पाव्हणं खोळंबल्यात."

मी अडकित्ता घेतला आणि गेलो. सुपारी कातरून दिली.

जीप गेली तेव्हा उन्हं कलली होती. दादा पारावर गेला, पाहुण्यांनी भाजी कशी वाखाणली ते सांगायला. मी अंगणात बाजेवर पडलो. घरात दिवा लागला आणि राही चाचपडत येऊन भिंतीशी बसली; दिवेलागणीचं दिसू लागलं होतं, पण रात्र पडली की तिला अजून अंधारच. वहिनीनं तिच्यापुढं ताटली ठेवली, तिचा हात धरून भाकरीवर ठेवला, मग भाजीवर. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं.

राही म्हणाली, "माझ्यापुरती राहिली हुती व्हय? मला वाटलं संपली. तात्या लई आग्रेव करीत हुते, हितवर आवाज येत हुता."

तात्या म्हणजे मी.

वहिनी म्हणाली, "तात्यांनीच सांगितलं, आदी राहीची काढून ठिवा म्हनून."

राही हसली. घास चावत म्हणाली, "मऊ झालीया आज." आणि थोड्या वेळानं, "तात्यांना ध्यान असतं." तिनं माझ्याकडं म्हणून तोंड वळवलं. मी डाव्या अंगाला होतो, ती उजवीकडं बघत होती. वहिनीनं मात्र नेमकं माझ्याकडं पाहिलं. रागानंही नाही. परसात एखादी अळी दिसली की जशी बघायची, तशी.

मी उठून उकिरड्यापाशी गेलो आणि ओकलो. दिवसभर पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं.

राहीची नजर पुढं परत आली, तेही सांगून टाकतो. वहिनीनं दुसऱ्या दिवशी त्याच वाफ्यात पुन्हा बी टाकलं, आणि ते उगवेपर्यंत दोन कोस चालत जाऊन कुठून कुठून शेवग्याचा पाला आणला. होळीच्या पुढं राहीला मुलगी झाली, धडधाकट. यात माझा काही हात नाही, दादाचा नाही, गावाचा नाही. तरी बारशाला सगळं गाव जेवून गेलं आणि दादानं पारावर बसून त्या भाजीचं कसं फळ मिळालं ते सांगितलं.

वहिनी पुढं वीस वर्षं जगली. माझ्याशी बोलायची, पानात वाढायची, सणाला बोलवायची. पण राहीसमोर एकदाही तिनं खरं सांगितलं नाही, आणि राही आजही मला भेटली की पाया पडते. त्या वेळी मला पाय मागं घ्यावेसे वाटतात. घेत नाही.

पाहुणे जाऊन तीन दिवस झाले आणि श्रीगोंद्याहून माणूस आला. मुलगी पसंत होती. मी त्याला गूळपाणी दिलं आणि उभ्या उभ्या होकार सांगितला.